कसर येते कुठून?

"घर रोज झाडते, पुसते, दिवाळीला माळ्यावरचे भांडेन् भांडे खाली काढते. तरी कपाट उघडले की ही कसर सुळकन पळतेच. येते तरी कुठून?" जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या घराघरांत हा प्रश्न श्रावण-भाद्रपदात हमखास निघतो. विचारणारीच्या आवाजात थोडी शरमही असते, जणू कसर दिसणे म्हणजे घर अस्वच्छ असल्याचा पंचनामाच.

शरमेचे कारण नाही. कसर रद्दीच्या गठ्ठ्यातून, जुन्या पुस्तकांतून, किराण्याच्या खोक्यातून किंवा भिंतीच्या भेगेतून कोणाच्याही घरात शिरू शकते. शिरल्यावर ती टिकते की मरते, हे मात्र केरसुणीपेक्षा ओलीवर ठरते. म्हणून या प्रकरणात आपण कसरीच्या मागे कमी आणि ओलीच्या मागे जास्त लागणार आहोत.

१. आधी ओळख पटवू या

बोलताना आपण कापड-कागद खाणाऱ्या सगळ्याच किड्यांना कसर म्हणून टाकतो. उपाय मात्र किड्यागणिक बदलतो, म्हणून चोर नेमका कोण हे आधी ठरवावे.

इथे कसर म्हणजे चंदेरी-करडी, बिनपंखांची, चपटी कीड. इंग्रजीत जिला सिल्व्हरफिश म्हणतात ती. लांबी साधारण एक ते दोन सेंटीमीटर. डोक्याकडे रुंद, मागे निमुळती. पुढे दोन लांब मिशा, मागे तीन बारीक शेपट्या. चिमटीत धरली तर निसटते आणि बोटाला राखाडी चकाकी लागते. ते तिच्या अंगावरचे खवले. कोळ्याच्या जाळ्यात सापडली, तरी खवले तिथेच सोडून ती कित्येकदा सुटते.

वाळवी वेगळी. तिच्या वाटेवर मातीच्या नळ्या दिसतात आणि ती लाकूड, पुस्तक आतून पोखरत जाते. पुस्तकात पानांच्या आरपार गोल बारीक भोके असतील, तर ते काम भुंगेऱ्याच्या अळीचे. शालीला, लोकरीच्या स्वेटरला भोके पडली असतील, तर पतंगाच्या अळीवर संशय घ्यावा. भिंतीवर चिकटलेली, भोपळ्याच्या बीएवढी करडी पिशवी दिसते, तीही एका पतंगाच्या अळीची असते. कसरीशी तिचा संबंध नाही.

कसरीची खूण निराळी. ती कागद पोखरत नाही, वरून खरवडते. कागद उजेडासमोर धरला की काही जागा पातळ झालेल्या दिसतात, कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या असतात, पुस्तकाच्या कण्यावरचे कापड सोललेले असते. आसपास मिरपुडीसारखे काळे कण आणि कधी पिवळसर डाग आढळतात. एवढे जुळले की चोर सापडला.

ती चावत नाही, डसत नाही, कुठला रोगही पसरवत नाही. धुळीची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना तिच्या खवल्यांचा आणि विष्ठेचा त्रास होऊ शकतो, इतकेच. म्हणजे धोका आहे तो माणसापेक्षा माणसाच्या कागद-कपड्यांना.

२. तिला आवडते काय? जुन्नरी कागदाची खळ

१६६५ साली लंडनच्या रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचे 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक काढले. त्यात पुस्तके खाणाऱ्या या चंदेरी किड्याचे मोठे चित्र आहे. पुढे १७५८ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने हिच्या एका जातीला शास्त्रीय नाव दिले, त्यात साखरेचा उल्लेख आहे. दोघांनीही नेमके हेरले होते: हिला कागद हवा आणि गोडही हवे.

गोडाइतकेच तिला पिष्टही हवे. पिष्ट म्हणजे गहू, तांदूळ, बटाट्यातला पिठूळ भाग. कसरीला तो मनापासून आवडतो. पुस्तकबांधणीची खळ, कांजी केलेले सुती कपडे, पाकिटाचा डिंक, कोपऱ्यात सांडलेली कणीक हे सगळे तिच्या ताटात येते. जुन्या फोटोंवर जिलेटिनचा थर असतो, तोही ती खरवडते. मेलेले किडे आणि स्वतःची टाकलेली कात यांनाही नाही म्हणत नाही. नुसता कागद म्हणजे सेल्युलोज. तो पचवायला वाळवीच्या अनेक जातींना पोटातल्या सूक्ष्मजीवांची मदत लागते. कसरीच्या काही जाती मात्र त्यासाठी लागणारा पाचकरस स्वतःच तयार करतात.

आता जुन्नरकडे या. यंत्राचा कागद येण्यापूर्वी जुन्नर हे हातकागदाचे नावाजलेले ठिकाण होते आणि कागद करणारी कागदी कुटुंबे तिथे नांदत होती. मराठेशाहीच्या कागदपत्रांत जुन्नरी कागदाला मान होता. हातकागदाची सर्वसाधारण रीत अशी: जुनी गोणपाटे, दोरखंड, चिंध्या भिजवून कुटायच्या, त्यांचा लगदा पाण्यात कालवायचा, बारीक चटईच्या चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा आणि तो वाळवायचा. असा कागद शाई पिऊन टाकतो, बोरूने लिहिले की अक्षर फुटते. म्हणून वाळलेल्या कागदाला गव्हाची किंवा तांदळाची खळ देत आणि मग गुळगुळीत दगडाने तो घोटून घोटून चकचकीत करत.

गंमत अशी, की जी खळ अक्षराला नेटकेपणा देते तीच कसरीची मेजवानी ठरते. पोथीत किंवा मोडी कागदात शाबूत अक्षरांच्या मध्येच वरची लकाकी गेलेले, पातळ झालेले पट्टे दिसतात, ते खळ चाटून नेल्याचे. खालचे धागे तिने त्या मानाने सोडून दिलेले असतात.

जुन्या लोकांना हे ठाऊक होते. पोथी दोन लाकडी पाट्यांमध्ये दाबून कापडाच्या बासनात घट्ट बांधत. सरकारी कागद रुमालांत बांधत. पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर आजही रुमालांच्याच हिशेबाने मोजतात. घट्ट बांधण्यात शास्त्र आहे. पानांमध्ये फट उरली नाही की कसरीला शिरायला जागा नाही आणि दमट हवाही आत सहज जात नाही. पोथीची सैल गाठ तिला आयतीच वाट करून देते.

३. ती पाणी पिते कुठून?

कपाटात पाण्याचा थेंब नसतो. खाणे कोरडा कागद. मग ती जगते कशी?

कसरीच्या कुळातले कीटक हवेतली वाफच अंगात ओढून घेऊ शकतात. त्यांच्या गुदाशयाच्या भिंतीत ही सोय असते. भट्टीजवळच्या उष्ण जागेत राहणाऱ्या त्यांच्या एका भाऊबंद जातीवर याचे बारकाईने प्रयोग झाले आहेत. ती जात तर बऱ्याच कोरड्या हवेतूनही पाणी खेचते. आपल्या घरातल्या नेहमीच्या कसरीला मात्र दमट हवा लागते. तिला मानवणारी सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर आणि तापमान २१ ते २७ अंश सेल्सिअस. अन्नाशिवाय ती महिनोन्‌महिने काढू शकते, पण कोरड्या हवेत तिचा टिकाव लागत नाही, आणि पिल्ले तर आधी मरतात.

ही या सगळ्या कथेची किल्ली आहे. तिचे अन्न आपण घरातून काढू शकत नाही. कागद-कपडे टाकून देणार कुठे? पाणी मात्र तोडता येते.

४. ७५ टक्के म्हणजे किती?

मोबाईलवर 'आर्द्रता ९० टक्के' असे दिसते. हे ९० टक्के कशाचे?

हवेला एक भांडे समजा. हे भांडे गंमतीचे आहे: तापले की मोठे होते, गार झाले की आक्रसते. आत असलेली वाफ तेवढीच राहिली, तरी भांडे मोठे झाले की ते निम्मे रिकामे वाटते आणि आक्रसले की काठोकाठ भरते. भांडे किती भरले आहे, त्याचा टक्का म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता आकडे घालू. एक मीटर लांब, तेवढीच रुंद आणि उंच अशा हवेच्या ठोकळ्यात २४ अंशाला सुमारे २२ ग्रॅम वाफ मावते. आषाढातल्या दिवशी आहुपे किंवा घाटघरच्या बाजूला बाहेरची हवा २४ अंश आणि ९० टक्के असेल, तर त्या ठोकळ्यात सुमारे २० ग्रॅम वाफ आहे. हीच हवा घरात शिरून तीन ठिकाणी गेली असे धरा.

चुलीजवळ ती ३० अंशांपर्यंत तापली. ३० अंशाला ३० ग्रॅम मावतात. वीस भागिले तीस, म्हणजे ६७ टक्के. कसरीला गैरसोयीचे.

मधल्या खोलीत ती २४ अंशालाच राहिली. ९० टक्के. कसर खूश.

पश्चिमेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ती गेली. त्या भिंतीवर बाहेरून दिवसभर पाऊस मारतो आहे, भिंत २२ अंशांपर्यंत गार झाली आहे. २२ अंशाला जेमतेम १९ ग्रॅमच मावतात. भांडे भरून सांडले. भिंतीला घाम आला, कपाटाच्या पाठीला बुरशी धरली, आणि कसरीचे तर बस्तानच बसले.

एकाच घरात, एकाच वेळी, एकाच हवेचे हे तीन निकाल. 'घरभर औषध मारले तरी त्याच कपाटात कसर का?' याचे उत्तर यात आहे. आपला पाऊस नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूची भिंत आणि तिला टेकलेले कपाट हे पहिले संशयित.

याच हिशेबाने दोन तालुक्यांतला फरकही कळतो. भीमाशंकर, माळशेज, नाणेघाट या सह्याद्रीच्या धारेवर पाऊस कोसळतो आणि दिवसचे दिवस धुके असते. घोडेगाव, जुन्नर ओलांडून पूर्वेला निघालो की तो झपाट्याने उतरतो आणि बेल्हे किंवा पारगावच्या बाजूला पावसाळ्यातही ऊन पडते. पश्चिमेच्या गावांत कसर हा घरभरचा प्रश्न असतो. पूर्वेकडे तो बहुधा मोरी, गळका स्लॅब किंवा एखाद्या भिंतीपुरता असतो.

चुलीचा धागाही लक्षात घ्या. जुन्या घरात चुलीची ऊब आणि धूर थेट माळ्यावर जायचा. तिथे ठेवलेले बियाणे, गोधड्या, पेट्या पावसाळाभर कोरड्या राहायच्या. गॅस आला, डोळ्यांचा आणि छातीचा त्रास गेला, हे चांगलेच झाले. पण माळ्याची ती ऊबही गेली. गॅसवरच्या भाताची, डाळीची वाफ मात्र घरातच फिरते. माळ्यावरच्या पेटीला आता कोरडे ठेवण्याची दुसरी व्यवस्था लावून द्यायला हवी.

५. हळू वाढणारा गोतावळा

झुरळे बघता बघता वाढतात, कसर तशी वाढत नाही. मादी फटीत अंडी घालते. ती फुटायला हवामानाप्रमाणे दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत लागतात. त्यातून अळी किंवा कोष निघत नाही, मोठ्या कसरीचीच पांढुरकी, छोटी आवृत्ती निघते. ती कात टाकत टाकत वाढते आणि पूर्ण वाढ झाल्यावरही आयुष्यभर कात टाकत राहते. कीटकांत हे दुर्मीळ आहे. ही फार जुनी वंशरेषा आहे. कीटकांना पंख फुटण्याच्या आधीच ती वेगळी झाली, आणि कसरीच्या पूर्वजांनाही पंख कधी नव्हतेच. कसर दोन-तीन वर्षे सहज जगते, अनुकूल जागी त्याहूनही जास्त.

यातून घरातल्यांनी दोन गोष्टी घ्याव्यात. एखादी कसर दिसली तर घाबरू नये. पुढच्या आठवड्यात तिची शंभर होणार नाहीत. पण कपाट हलवल्यावर लहानमोठ्या दहा-बारा पळाल्या, तर तिथली ओल कालपरवाची नाही. एक-दोन पावसाळे ती तिथे मुरली आहे. औषधाच्या एका फवाऱ्याने तो इतिहास पुसला जात नाही.

६. बरणीची साक्ष

ओल कुठे आहे हे कसरीलाच विचारता येते. तिला खरखरीत पृष्ठभागावर चढता येते, गुळगुळीत काचेवर येत नाही. याचा उपयोग करू.

मुरांब्याच्या किंवा लोणच्याच्या तीन-चार छोट्या काचेच्या बरण्या धुऊन अगदी कोरड्या करा. प्रत्येकीला बाहेरून काठापर्यंत कागदी चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कसरीला चढायला पायऱ्या झाल्या. आत चिमूटभर कणीक टाका. झाकण लावू नका. रात्री दिवे मालवण्यापूर्वी बरण्या भिंतीला लागून ठेवा. कसर कणकेच्या वासाने चढते, आत पडते आणि काचेवरून तिला बाहेर येता येत नाही.

समजा चार रात्रींनंतर हिशेब असा लागला: स्वयंपाकघराच्या ओट्याखाली एक, देवघराजवळ एकही नाही, पश्चिमेच्या भिंतीच्या कपाटामागे सात, माळ्यावर दोन. आता घरभर खर्च करायचे कारण उरले नाही. कपाटामागची भिंत पाहायची. बाहेरून गिलाव्याला भेग आहे का? वरच्या पन्हाळीचे पाणी तिथे उतरते का? कपाट भिंतीला चिकटून आहे का? त्याच भिंतीपलीकडे मोरी तर नाही?

भेग बुजवली, पन्हाळ सरळ केली, कपाट चार बोटे पुढे ओढून मागे हवा खेळती केली, की महिन्याने बरण्या पुन्हा मांडा. साताचे दोन झाले, तर रस्ता बरोबर आहे. सातच राहिले, तर ओल दुसरीकडून येते आहे. काहीशे रुपयांत आर्द्रतामापक मिळतो, तो कपाटात ठेवला तर आकडाही कळेल. तो ६० टक्क्यांच्या खाली आणायचा, हे आपले लक्ष्य.

७. पुडीने ट्रंक कोरडी होत नाही

नव्या बॅगेत, बुटांच्या खोक्यात पांढऱ्या दाण्यांची पुडी असते. ती सिलिका जेलची. हवेतली ओल शोषते. अनेक जण ती जपून ठेवतात आणि कपड्यांच्या ट्रंकेत टाकून निश्चिंत होतात. हिशेब करून पाहू.

ट्रंकेत २० किलो सुती कपडे आणि गोधड्या आहेत. सुती कापड कोरडे वाटले, तरी त्यात पाणी असते. ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत ते वजनाच्या साधारण १० टक्के पाणी धरून ठेवते, ४० टक्क्यांच्या हवेत साधारण ५ टक्के. म्हणजे भाद्रपदात बंद केलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांत दोन किलो पाणी आहे आणि त्यातले एक किलो काढायचे आहे. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर तिसरा हिस्सा, क्वचित थोडे जास्त पाणी घेते. पाच ग्रॅमची पुडी दीड-दोन ग्रॅम पाणी घेईल. एक किलोसाठी अशा पाचशेहून जास्त पुड्या लागतील.

हेच काम ऑक्टोबरचे ऊन फुकट करते. दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरतो, हवा कोरडी होते, ऊन कडक असते. घरातल्या आजी त्या दिवसांत गोधड्या, रजया, ठेवणीतले कपडे अंगणात काढतात, ते याच हिशेबाने. पद्धत मात्र नीट पाळावी. सकाळी दव उडाल्यावर कपडे घालायचे, दुपारी उलटायचे, झटकायचे, आणि ऊन उतरायच्या आत उचलून घरात गार होऊ द्यायचे. तापलेले कपडे तसेच ट्रंकेत कोंबू नयेत. रिकामी ट्रंकही उन्हात उपडी करावी. तिच्या कोपऱ्यांत, कडीच्या सांध्यात अंडी असू शकतात. मग कपडे भरून झाकण घट्ट लावावे. आता आत एखादी सिलिकाची पुडी ठेवली तर तिला अर्थ आहे, कारण तिला फक्त फटीतून शिरणारी ओल सांभाळायची आहे. निळ्या दाण्यांचे जेल असेल तर ते मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या निळ्या रंगात बहुधा कोबाल्टचे क्षार असतात.

कांजी केलेले धोतर, खादीचा सदरा, सुती नऊवारी ठेवणीत टाकण्यापूर्वी कांजी धुऊन काढावी. घालायच्या वेळी पुन्हा करता येते.

८. कागदपत्रांची काळजी

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. अशा धरणग्रस्त घरांत जुन्या जमिनीचा पुरावा म्हणून पत्र्याच्या पेटीतले कागदच असतात: जुने उतारे, खरेदीखत, भूसंपादनाच्या नोटिसा, प्रकल्पग्रस्त दाखला. इतर घरांतही वाटणीपत्र, फेरफार, सोसायटीच्या पावत्या असतातच. हल्लीचा सातबारा संगणकावर मिळतो, पण घरातला प्रत्येक जुना कागद तिथे असेलच असे नाही. कपडे कुरतडले तर नवे घेता येतील, सहीशिक्क्याचा कागद तसा नाही.

असे कागद कडक उन्हात घालू नयेत. शाई उडते, कागद ठिसूळ होतो. कोरड्या दिवशी पंख्याच्या मंद वाऱ्यात, सावलीत पसरावेत. मऊ, कोरड्या रंगकामाच्या कुंचल्याने धूळ आणि कण हलकेच झाडावेत. टाचण्या, रबर काढून टाकावे. टाचणी गंजते, रबर चिकटते.

मग प्रत्येक कागदाचा मोबाईलवर स्वच्छ फोटो घ्यावा आणि तो घरातल्या दोघा-तिघांकडे ठेवावा. पूर्ण कोरडे झालेले कागद घट्ट झाकणाच्या डब्यात, जमिनीपासून उंच आणि बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवावेत. ओले असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले, तर कसरीऐवजी बुरशी खाईल. जुना कागद लॅमिनेट तर मुळीच करू नये. ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही, आणि आत अडकलेली ओलही तिथेच राहते.

पुस्तकात किंवा पोथीत कसर दिसली, तर थंडीचा उपाय आहे. पुस्तक कोरडे असल्याची खात्री करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधावे आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवावे. लहान फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात बहुधा एवढी थंडी नसते. गावात वीज जात असेल तर आठवडा आणखी वाढवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. पुस्तक खोलीइतके गरम होईपर्यंत, म्हणजे एक दिवस, थांबावे. नाहीतर गार पानांवर दव धरेल. पुस्तक फार जुने, रंगीत चित्रांचे किंवा चामडी बांधणीचे असेल, तर घरी प्रयोग न करता हस्तलिखिते सांभाळणाऱ्या संस्थेचा सल्ला घ्यावा. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ पासून या कामात आहेत.

९. औषध: कुठले चालते, कुठले जिवावर बेतते

वेखंड आणि कडुलिंब. पोथीच्या बासनात वेखंडाची पुरचुंडी ठेवायची चाल जुनी आहे, आणि वेखंडातल्या तेलाचा किड्यांवर परिणाम होतो हेही खरे. पण वास उडाला की काम संपले, म्हणून पुरचुंडी दर वर्षी बदलावी. कडुलिंबाचा पाला पूर्ण वाळवूनच ठेवावा. ओला पाला म्हणजे कपाटात हाताने ठेवलेली ओल. हे दोन्ही कसरीला लांब ठेवायला मदत करतील. बस्तान बसलेली कसर मात्र यांनी हटत नाही.

डांबरगोळ्या. या घट्ट बंद पेटीतच उपयोगी; उघड्या कपाटात वास आपल्याला येतो आणि कसर फटीत सुखरूप राहते. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत, टोपड्यांत त्या कधीच ठेवू नयेत. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पी-डी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असते. डांबरगोळ्यांची वाफ लागली की अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. मोठ्यांचे कपडेही वापरण्यापूर्वी धुऊन वारा लावून घ्यावेत.

बोरिक पावडर. कपाटामागच्या, ओट्याखालच्या फटीत हलकीशी भुरभुरवली तर चालते. ती पोटात गेली तर मुलांना आणि जनावरांना विषारी आहे, म्हणून हात पोचेल अशा जागी, धान्याजवळ किंवा कागदांवर नको.

फवारे. समोर दिसणारी कसर मरते, फटीतली अंडी वाचतात. कागदावर डाग पडतात ते वेगळेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या भागात टोमॅटो, द्राक्षे, कांदा करणाऱ्या घरांत शेतीची कीटकनाशके हाताशी असतात. 'शेतात चालते तर कपाटात का नाही?' असे म्हणून ती घरात मारणे घातक आहे. उघड्या शेतासाठी ठरवलेले औषध बंद खोलीत, अंथरुणा-पांघरुणावर बसते आणि दिवसेंदिवस श्वासात जाते. धान्यात ठेवायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर राहत्या घरात आणूच नयेत. हवेतली ओल लागली की त्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसे त्याने दगावतात. कसर कागद खाते. त्या कागदासाठी जीव धोक्यात घालायचा नसतो.

आणि पाल, कोळी यांना जमले तर राहू द्या. ते रात्री कसर टिपतात, फुकट.

१०. वर्षाचे वेळापत्रक

वैशाख-ज्येष्ठ: पावसाआधी स्लॅब, कौले, पन्हाळी पाहून घ्या. पश्चिमेच्या भिंतीच्या भेगा बुजवा. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. रद्दी आणि रिकामी खोकी घराबाहेर काढा; खोक्यांच्या सांध्यात खळ असते आणि आडोसाही.

आषाढ ते भाद्रपद: ओले कपडे कपाटाच्या खोलीत वाळत घालू नका. स्वयंपाक करताना खिडकी किंवा पंखा चालू ठेवा. पाऊस थांबून ऊन पडेल त्या दिवशी कपाटाची दारे तासभर उघडा. धुके असेल त्या दिवशी उघडू नका, नाहीतर बाहेरची ओल आत घ्याल. बरण्या याच काळात मांडायच्या.

आश्विन: कपडे, गोधड्या, ट्रंका उन्हात. कागद आणि पोथ्या सावलीत, वाऱ्यावर. डबे नव्याने भरा, बासने घट्ट बांधा, वेखंड बदला.

मार्गशीर्ष ते माघ: हवा कोरडी असते, कसर मंदावते आणि आपण तिला विसरतो. भिंतीची मोठी दुरुस्ती याच काळात करावी, कारण कोरड्या भिंतीवर गिलावा नीट धरतो. पैसे थोडेच असतील तर औषधाची बाटली राहू द्या आणि आधी गळकी पन्हाळ दुरुस्त करा. बाटली दर पावसाळ्यात नवी आणावी लागते. पन्हाळ एकदा नीट बसली की भिंत, कपाट आणि कागद तिघेही कित्येक पावसाळे कोरडे राहतात.